नागिणीचं तोंड शेपटीला का लागत नाही

आपल्या भागात एकाच आजाराला एकाच घरात दोन नावं असतात. सासू म्हणते ‘नागीण’, सून म्हणते ‘सर्पसुत्तु’. शेजारच्या अज्जी ‘सर्पहुण्णु’ म्हणतात. दोन्ही भाषांना या आजारात सापच दिसावा, ही गंमत आहे. कन्नडमधलं ‘सुत्तु’ म्हणजे वेढा. डॉक्टरी नाव ‘हर्पिस झोस्टर’. त्यातल्या हर्पिसचं मूळ सरपटण्याच्या ग्रीक शब्दात आहे, आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. म्हणजे सरपटणं आणि वेढा घालणं, हे जुन्या ग्रीकांनाही दिसलं होतं. फक्त त्यांनी त्यात नागदेवतेला ओढलं नाही, इतकंच.

सापाबरोबर सापाचा समजही आला. नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की माणूस गेला! मराठी घरात मी हे जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा कन्नड घरातही ऐकलं, शब्दाला शब्द. मग नागीण ‘अडवायची’. मराठीत काव आणि कन्नडमध्ये कावी, नावही जवळपास एकच. ती लाल माती पाण्यात कालवून फोडांच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची. कुणी दूर्वा वाटून लावतं, कुणी उतरवणाऱ्याकडे जातं, कुणाला नागपंचमीला विळीवर काहीतरी चिरल्याचं आठवतं, कुणी कुक्के सुब्रह्मण्याला नवस बोलतं. नवसाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. माझं भांडण आहे ते या सगळ्यात निघून जाणाऱ्या तीन दिवसांशी. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी त्या तोंड-शेपटीचं बघू. इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत मी नागीण पाठीच्या मणक्यापासून निघालेली पाहिली, बरगडीच्या कडेने पुढे आलेली पाहिली आणि छातीच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलेली पाहिली. काव लावलेली थांबली, न लावलेलीही थांबली. ती थांबते याचं कारण आपल्या शरीराच्या वायरिंगमध्ये आहे. मणक्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. प्रत्येक जोडीतला एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. आपापल्या पट्ट्यातली त्वचा तो सांभाळतो आणि शरीराच्या मधल्या रेघेपाशी त्याची हद्द संपते. नागीण त्वचेवर फिरत नसते. ती एकाच तंतूच्या हद्दीत उगवलेली असते. डावीकडची नागीण उजवीकडे जात नाही, कारण पुढे तिला वाटच नाही. मग तोंड शेपटीला कुठून लागणार? ज्यांची प्रतिकारशक्ती अगदीच ढासळलेली असते, म्हणजे केमोथेरपी चालू आहे, अवयव बदललेला आहे, एचआयव्हीवर उपचार झालेले नाहीत, त्यांच्यात फोड अंगभर पसरू शकतात, आणि ते खरंच धोक्याचं असतं. पण तिथेही दोन टोकं जुळल्यामुळे कुणी दगावत नाही.

फोडही दोन ते चार आठवड्यांत आपसूक सुकतात. आता विचार करा. जो आजार ठरलेल्या रेघेवर स्वतःच थांबतो आणि ठरलेल्या मुदतीत स्वतःच सुकतो, त्यावर रेघ ओढणाऱ्याला अपयश येईल कसं? उतरवणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होतं ते असं. त्यातले बरेच जण पैसेही घेत नाहीत, मनाने चांगले असतात, हेही सांगून ठेवतो. त्यांना दिसते ती कातडी. ज्याची हानी होते ते कातडीच्या आत असतं.

ही नागीण येते कुठून? बाहेरून येत नाही. ती लहानपणीच आत शिरलेली असते. कांजिण्या आठवा. अंगभर पाण्याचे फोड, शाळेला सुट्टी, आईने उशाला ठेवलेला कडुलिंबाचा पाला. कन्नड घरात ‘अम्मा आली’ म्हणून आवाजसुद्धा हळू करतात. आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात, आंघोळ घालतात आणि सगळे विसरतात. विषाणू मात्र घर सोडत नाही. फोडांच्या जागी त्वचेत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात, त्यांत तो शिरतो आणि तंतूच्या आतून उलटा प्रवास करत मणक्यालगतच्या गाठीपर्यंत पोचतो. काही विषाणू रक्तातूनही तिथे जातात. या गाठींना शास्त्रीय मराठीत गुच्छिका म्हणतात. स्पर्श, ताप, वेदना यांच्या खबरा मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशी तिथे राहतात. त्या पेशींत विषाणू गप्प पडून राहतो. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं. रक्ततपासणीत सापडत नाही, त्रास देत नाही. पोलीसपाटलाला पत्ता नसलेला भाडेकरूच म्हणा.

हे सगळं कळलं कसं, ती हकीगत मला फार आवडते, कारण तिचा नायक माझ्याच जातीचा, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर आहे. इंग्लंडमध्ये सायरेन्सेस्टर नावाचं बाजारपेठेचं गाव आहे. तिथे एडगर होप-सिम्पसन यांचा दवाखाना होता. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं त्यांच्या यादीत. कुठल्या घरात कांजिण्या झाल्या, कुणाला नागीण उठली, तेव्हा घरात लहान मुलं होती का, अशा बारीकसारीक नोंदी ते वर्षानुवर्षं ठेवत गेले. नागिणीचे रोगी मुलांच्या संपर्कातून होतात की काय, हा तेव्हाचा प्रश्न. हंगेरीच्या बोकाई नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९व्या शतकाच्या शेवटीच पाहिलं होतं की घरात मोठ्याला नागीण झाली की मागाहून मुलांना कांजिण्या येतात. मग उलटंही होत असेल का?

होप-सिम्पसन यांच्या वहीने उत्तर दिलं : नाही. कांजिण्यांची साथ येते आणि जाते. नागीण मात्र साथ असो-नसो, वर्षभर सारखीच तुरळक येत राहते. गर्दीच्या गावात काही निसटत असेल म्हणून ते शेटलंड बेटांपैकी येल नावाच्या आडबाजूच्या बेटावरही जाऊन आले. बेटावर येणारा-जाणारा मोजका, तेव्हा कोण कुणामुळे आजारी पडलं हे तिथे लपून राहत नाही. १६ वर्षांच्या नोंदींत नागिणीचे १९२ रोगी जमले. १९६५ साली त्यांनी मांडलं, की नागीण कुणाकडून लागत नाही. कांजिण्यांचा जुना विषाणू मज्जातंतूच्या गाठीत जिवंत राहतो, शरीराचा पहारा त्याला दाबून ठेवतो आणि वयोमानाने पहारा ढिला पडला की तो उठतो. ८५ वर्षांपर्यंत जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना एकदा तरी नागीण झालेली असेल, असाही त्यांचा हिशेब होता. पुढे १९८४ साली एकाच माणसाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू घेऊन त्यांचा डीएनए ताडून पाहण्यात आला. तो तोच निघाला. एका गावच्या डॉक्टरने पेन्सिलीने लिहावं आणि प्रयोगशाळेने १९ वर्षांनी त्यावर शिक्का मारावा!

पहारा ढिला होण्याला वय हे मुख्य कारण. पन्नाशीनंतर प्रमाण चढत जातं. मधुमेह, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या, कर्करोगाचे उपचार ही इतर कारणं. तरुणांनाही होते, पण बहुधा हलकी जाते.

आता विषाणू उठला की काय करतो ते बघा, कारण या आजारातलं खरं नुकसान इथेच आहे. तो आधी गाठीतच वाढतो. गाठ सुजते, रक्ताळते, त्यातल्या काही पेशी मरतात. १९०० साली हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागीण होऊन गेलेल्या २१ मृतांची तपासणी करून ही पडझड डोळ्यांनी पाहिली होती. (या हेन्री हेडचं वेड असं, की पुढे १९०३ साली मज्जातंतू तुटल्यावर संवेदना कशी परतते ते कळावं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातातला तंतू कापून घेतला. असो.) गाठीतून मग विषाणू तंतूच्या वाटेने खाली त्वचेकडे निघतो. तिथे पोचायला त्याला दोन-चार दिवस लागतात. म्हणून दुखणं आधी आणि फोड मागाहून.

हे मधले दिवस रोग्याला आणि डॉक्टरला दोघांनाही चकवतात. डाव्या छातीत दुखलं म्हणून ईसीजी काढला जातो, उजव्या कुशीत दुखलं म्हणून पित्ताशयाची सोनोग्राफी होते, कमरेत दुखलं म्हणून मुतखडा शोधतात. ते करायलाच हवं, छातीचं दुखणं कधी अंगावर काढू नये. पण रोग्याच्या शब्दांकडे लक्ष द्यावं. हे दुखणं जळजळीचं असतं, सुया टोचल्यासारखं, मिरची चोळल्यासारखं. बैलहोंगलकडची माणसं दारातूनच सांगतात, ‘भाळ उरितैत्री!’ एकाच बाजूला पट्ट्यासारखं भाजतंय, वर काही दिसत नाही, कपडा लागला तरी नको होतं, असं असलं तर रोज सकाळी उजेडात ती जागा पाहायची. पुरळ उठलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

त्याच दिवशी, असं मी का म्हणतो? विषाणूची वाढ रोखणारं औषध आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर हे त्यातलं पहिलं मोठं; ज्यांच्या प्रयोगशाळेत ते घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. आता व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर याही गोळ्या मिळतात. पण त्या वाढणाऱ्या विषाणूला रोखतात, मेलेल्या पेशी परत आणत नाहीत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा उपयोग चांगला होतो. फोड लवकर सुकतात, सुरुवातीच्या वेदना कमी होतात. पुढे रेंगाळणारं दुखणं त्यांनी नक्की टळतंच, असं मात्र सिद्ध झालेलं नाही, तेव्हा तसा शब्द मी कुणाला देत नाही. पण विषाणूला गाठीत मोकळं रान द्यायचं की नाही, एवढा निर्णय आपल्या हातात असतो, आणि तो त्या तीन दिवसांतच असतो. पहिला दिवस ‘उष्णतेने झालं असेल’ म्हणण्यात जातो, दुसरा काव आणण्यात, तिसऱ्या दिवशी उतरवणाऱ्याचा वार नसतो. चौथ्या दिवशी दवाखाना. मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब हाही तसाच वेळकाढूपणा. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं, ते तर नकोच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर या गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवूनही आणू नयेत.

दोन जागच्या नागिणीला मात्र तीन दिवसांचीही सवलत नाही. एक कपाळ आणि डोळ्याची. कपाळावर एका बाजूला फोड उठले आणि नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेलाही एखादा दिसला, तर डोळ्याला धोका आहे असं समजावं. नाकाच्या शेंड्याला जाणाऱ्या तंतूचीच शाखा बुबुळाकडे जाते. ही खूण हचिन्सन नावाच्या इंग्रज सर्जनने १९व्या शतकात सांगितली आणि ती अजून कामाला येते. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. बुबुळावर डाग पडून नजर गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि कपाळावर काव वाळलेली असताना डोळा बघणंसुद्धा कठीण होतं. दुसरी जागा कानाची. कानात फोड, ठणका आणि त्या बाजूचं तोंड वाकडं होणं. याला लोक वारं लागलं म्हणतात. तिथे चेहऱ्याचा मज्जातंतू सापडलेला असतो, ऐकू येणं आणि तोलही जाऊ शकतो. विषाणू कधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंतही पोचतो. डोळ्याच्या नागिणीनंतर पुढच्या काही महिन्यांत पक्षाघाताचा धोका वाढतो, हे आता माहीत झालं आहे. डोकं फार दुखणं, बरळणं, हातपाय लुळे पडणं असं काही दिसलं तर मोठ्या दवाखान्यात दाखल करायला वेळ लावू नये.

आणि मग ते मागे राहणारं दुखणं. घरोघरी ज्यावरून भांडणं होतात ते हे. फोड सुकले, डागही पुसट झाले, तीन महिने उलटले आणि माणूस अजून कण्हतोय. दहा रोग्यांत एखाद-दोघांच्या वाट्याला हे येतं, साठी-सत्तरीनंतर जास्त. माझ्याकडे येणारे एक निवृत्त मास्तर बेळगावच्या डिसेंबरातल्या थंडीत घरी उघड्या अंगाने बसत. शर्टाची शिवण लागली की ओरडत. पंख्याचा वारा लागला की ओरडत. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘डॉक्टर, जखम तर काय दिसत नाही की. अप्पा उगंच करतात असं वाटतंय.’ सुनेलाही तेच वाटत होतं, ती बोलली नाही एवढंच.

अप्पा उगंच करत नव्हते. गाठीतल्या काही पेशी मेल्या, काही जायबंदी झाल्या. जायबंदी पेशी काही कारण नसताना वेदनेची खबर पाठवत राहतात, आणि सतत तीच खबर येत राहिली की मणक्यातली यंत्रणाही हळवी होऊन जाते; साध्या स्पर्शाचीही वेदना करून वर पाठवते. दाराची घंटा बिघडून आपोआप वाजत राहावी तसं. दारात कुणी नाही, पण घंटा खरीच वाजते आहे. अशा माणसाला ‘मन दुसरीकडे वळवा’ सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. पोट मात्र बिघडवतात. गॅबापेन्टिन, प्रेगाबॅलिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही तंतूवर काम करणारी औषधं हळूहळू वाढवत द्यावी लागतात, त्यांनी झोप येते, तोल जातो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्री एकट्याने न्हाणीघराकडे जाऊ देऊ नये. सगळं दुखणं जातंच असं नाही. निम्मं गेलं तरी रात्रीची झोप परत येते. मऊ सुती बनियन, फार सैल नको, अंगाला सरकेल असं नको. मास्तरांना हे बनियनचं गोळीइतकंच उपयोगी पडलं. बऱ्याच जणांचं दुखणं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं वर्षानुवर्षं राहतं.

हे टाळायचा मार्ग आता आहे. नागिणीवरची शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ साली आली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या अंगावरचं एक प्रथिन आहे. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, पन्नाशीनंतर. चाचण्यांत तिने दहातले नऊपेक्षा जास्त आजार टाळले, आणि तिचा जोर बरीच वर्षं टिकतो. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. पण ती स्वस्त नाही, आणि पेन्शनीत घर चालवणाऱ्यांना ‘घ्याच’ म्हणताना माझीही जीभ अडखळते. मधुमेह असेल, वय सत्तरीकडे असेल आणि मुलं वाढदिवसाला काय द्यावं म्हणून विचारत असतील, तर मी मोबाइलऐवजी हे सुचवतो.

या लसीच्या निमित्ताने वेल्समधून एक नवल पुढे आलं आहे. तिथे २०१३ साली नागिणीची जुनी, जिवंत विषाणूची लस सरकारी खर्चाने द्यायला सुरुवात झाली, आणि नियम असा केला, की २ सप्टेंबर १९३३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ती मिळेल, आधी जन्मलेल्यांना कधीच नाही. एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेली माणसं, बाकी सगळं सारखं. एकाला लस, एकाला नाही. २०२५ साली संशोधकांनी त्यांच्या नोंदी ताडल्या, तर सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे पाचव्या हिश्शाने कमी निघालं. लसीने हे कसं घडलं ते अजून उलगडलेलं नाही, आणि ही लस वेगळी होती. म्हणून विसराळूपणावर औषध म्हणून ती कुणी विकू लागलं तर विश्वास ठेवू नका. पण मज्जातंतूत दडून बसलेला विषाणू इतकी वर्षं वाटतो तितका गप्प नसावा, अशी शंका घ्यायला जागा झाली आहे.

राहिला विटाळाचा प्रश्न, तो रोज विचारला जातो. नागीण झालेल्याकडून दुसऱ्याला नागीण लागत नाही. त्याच्या ओल्या फोडांतल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही मिळाली नाही, अशाला कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंतच हा धोका असतो, आणि फोड झाकलेले असले की तो बराच कमी होतो. आजोबांचं ताट-वाटी वेगळं काढायचं कारण नाही, त्यांना पडवीत झोपवायचंही नाही. टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा, फोड फोडू नका, आंघोळ रोज घाला. मात्र घरात गरोदर लेक माहेरपणाला आलेली असेल तर तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आधी विचारा. आठवत नसेल तर रक्त तपासून कळतं. तोवर तिने आणि तान्ह्या बाळाने खपल्या वाळेपर्यंत आजोबांना दारातूनच भेटावं.